आधी परतीची सोय

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेल्या माणसाला काय काय झालं ते विचारून पाहा. तो लाटा सांगेल, थंडगार पाणी सांगेल, कोण कुठं पाण्यात पडलं तेही रंगवून सांगेल. टेम्पोचं नाव मात्र काढणार नाही. भिऱ्याच्या वीजघरातलं पाणी सकाळी नदीत उतरतं, त्या पाण्यावर दहा-बारा किलोमीटर खाली यायचं आणि मग ओल्या कपड्यांनी दाटीवाटीनं गाडीत बसून पुन्हा वर. राफ्टही टेम्पोवर उलटी टाकून, दोरानं आवळून वर. एखाद्या दिवशी टेम्पो आलाच नाही, तर नदीला पाणी असूनही त्या दिवसाचा धंदा बुडाला.

हे प्रकरण त्या टेम्पोबद्दल आहे. फरक इतकाच, की इथं दहा-बारा किलोमीटरच्या जागी सातशे किलोमीटर आहेत आणि मधल्या बऱ्याच टप्प्यात काठाला रस्ताच नाही.

डोंगरात गेलेला माणूस बहुधा निघाल्या जागी परत येतो. गुंजवण्यातून राजगड चढलात आणि संध्याकाळी गुंजवण्यातच उतरलात, की सकाळी लावलेली गाडी तिथंच उभी असते. नदीत ही सवलत नाही. ताशी सात-आठ किलोमीटर वेगाच्या धारेत, दोन आठवड्यांचा शिधा भरलेली होडी उलट वल्हवत नेणं दोन धडधाकट माणसांनाही झेपत नाही. म्हणून अशा प्रवासाचा आराखडा शेवटाकडून मांडायला घ्यावा लागतो. बाहेर कुठं पडायचं? तिथून माणसं परत कशी येणार? होडी कशी येणार? एवढं ठरलं, की मग सुरुवात कुठून करायची ते बघायचं. नवशिके नेमकं उलटं करतात. नकाशावर सुंदर सरोवर शोधतात, तिथं पोचायच्या गाडीचं आरक्षण करतात आणि ‘खाली गेल्यावर बघू’ म्हणतात. खाली गेल्यावर बघायला बहुतेक वेळा फक्त डास असतात.

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची होडी. उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी ती बर्च झाडाच्या सालीची बनवत. आताची सोळा-सतरा फुटी कनू जाड प्लास्टिकची असली तर तीस-पस्तीस किलो भरते, केव्हलरची असली तर वीसच्या आसपास. दोन माणसं आणि त्यांचं पंधरा दिवसांचं सामान ती आरामात वाहते. मात्र पाण्याबाहेर काढली, की ती नुसती एक लांबलचक अडचण असते. गाडीच्या टपावर आडवे दोन पट्टे आणि पुढच्या-मागच्या टोकाला एकेक दोर, अशी ती बांधतात. पट्टा सपाट ताणला तर वाऱ्यानं इतका घोंघावतो, की गाडीत बोलणं ऐकू येत नाही. बांधतानाच पट्ट्याला एक पीळ द्यायचा, आवाज बंद. ही युक्ती पुस्तकात सहसा सापडत नाही. पेट्रोल पंपावर एखादा अनोळखी म्हातारा येऊन न विचारता सांगून जातो.

मला परतीची अक्कल आली ती ग्रँड नदीवर. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली ही नदी टोरोंटोपासून फार लांब नाही. आतेभावाच्या कुटुंबाबरोबर पॅरिस नावाच्या गावापासून ब्रँटफर्डपर्यंत, एका दिवसाची सहल होती. दोन गाड्या होत्या. सकाळी दोन्ही गाड्या ब्रँटफर्डला नेल्या, एक तिथं लावली, दुसरीत सगळे बसून पॅरिसला परत आलो आणि होड्या पाण्यात घातल्या. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. ऊन चढलं म्हणून आतेभावानं निघताना जॅकेट काढून मागच्या सीटवर टाकलं. संध्याकाळी ब्रँटफर्डला होड्या काठावर ओढल्या, वल्ही गोळा केली, गाडीपाशी गेलो, तेव्हा त्यानं खिसे चाचपले. चावी जॅकेटात होती आणि जॅकेट पॅरिसला. टॅक्सी मिळाली, तासाभरात प्रश्न सुटला. वहिनींचे टोमणे मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत पुरले. तेव्हापासून खालच्या गाडीची चावी मी गळ्यात घालतो, दोरीत ओवून, सदऱ्याच्या आत.

आता हेच गणित मोठ्या नदीवर मांडून बघू. युकॉन नदी कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावते आणि अलास्का ओलांडून बेरिंग समुद्राला मिळते. लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर. तिच्यावरचा सर्वांत प्रसिद्ध टप्पा व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, सुमारे ७१५ किलोमीटरचा. १९९९पासून या टप्प्यावर दरवर्षी वल्हवण्याची शर्यत होते. शर्यतवाले रात्रंदिवस वल्हवून दोन-तीन दिवसांत पोचतात. उन्हाळ्यात तिथं रात्र अशी फारशी होतच नाही. साधी माणसं चौदा ते सोळा दिवस घेतात. नदीवाट सोडून या दोन गावांना जोडणारा रस्ता म्हणजे क्लोंडाइक हायवे, साधारण ५३० किलोमीटर.

दोन गाड्यांची ग्रँड नदीवरची युक्ती इथं वापरली तर काय होतं? एक गाडी डॉसनला न्यायची, ५३० किलोमीटर. दुसरी डॉसनपर्यंत जाऊन माणसं घेऊन व्हाइटहॉर्सला परत, १,०६०. प्रवास संपल्यावर डॉसनची गाडी परत, आणखी ५३०. एकूण २,१२० किलोमीटरचं पेट्रोल, तीन दिवस नुसते स्टिअरिंगवर, आणि त्यातले बहुतेक एक वल्हंही मारण्याआधी. म्हणून या नदीवर वेगळी पद्धत रुळली आहे. व्हाइटहॉर्सला कनू भाड्यानं देणारे लोक ‘एकमार्गी’ भाडं घेतात. तुम्ही डॉसनला होडी सांगितलेल्या जागी सोडायची आणि मोकळं व्हायचं. सोडलेल्या होड्या पुरेशा साठल्या, की ट्रेलरवर चढवून ते एकदम परत आणतात. परतीचा खर्च दहा होड्यांत विभागला जातो. माणसं बसनं किंवा छोट्या विमानानं परततात. बसचं वेळापत्रक दर उन्हाळ्यात बदलतं; ते पाहून मगच डॉसनला पोचण्याची तारीख ठरवायची. नदी संपली आणि बस दोन दिवसांनी, अशी पाळी आलेले कितीतरी लोक डॉसनच्या जुन्या लाकडी फुटपाथवर येरझाऱ्या घालताना दिसतात. गाव छान आहे, पण महाग आहे.

ही नदी एकमार्गीच वापरायची असते, हे तिथल्या लोकांना सव्वाशे वर्षांपूर्वी फार महागात कळलं होतं. १६ ऑगस्ट १८९६ला क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोनं सापडलं. पुढच्या जुलैत ते सोनं घेऊन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअॅटलच्या बंदरांत लागली आणि वेड लागल्यासारखी माणसं उत्तरेकडे धावली. कारकून, न्हावी, शिक्षक. बहुतेकांनी आयुष्यात होडी चालवलेली नव्हती. समुद्रमार्गे अलास्कात उतरायचं, चिलकूट खिंड ओलांडून बेनेट सरोवराशी यायचं, तिथं झाडं तोडून होडी बांधायची, बर्फ फुटायची वाट बघायची आणि मग युकॉननं डॉसनपर्यंत वाहत जायचं, असा मार्ग.

खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे घोडेस्वार पोलीस बसले होते. त्यांनी एक नियम काढला: वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय कोणी पुढं जायचं नाही. भुकेकंगाल माणसांचा लोंढा बर्फात मरू नये म्हणून काढलेला हा नियम होता आणि माझ्या मते त्या सगळ्या वेडाच्या काळातला तो सर्वांत शहाणा निर्णय. शिधा, तंबू, हत्यारं मिळून माणशी टनभर सामान होई. पाठीवर एका वेळी पंचवीस-तीस किलो धरले, तर तीस-पस्तीस खेपा. आता हिशेब करा. तेहतीस खेपा पुढं न्यायच्या तर बत्तीस वेळा रिकाम्या हातानं मागं यायचं. म्हणजे सामान एक किलोमीटर पुढं सरकवायला माणूस पासष्ट किलोमीटर चालला. चिलकूटची वाट ५३ किलोमीटरची आहे. शेवटच्या उभ्या चढावर बर्फात सुमारे दीड हजार पायऱ्या खोदल्या होत्या आणि त्यांवर माणसांची रांग लागलेली असे. त्या रांगेचे फोटो आजही पाहायला मिळतात. रांगेतून बाजूला झालं, की पुन्हा आत घुसायला तास-तास लागे.

हा खेपांचा हिशेब आजच्या होडीवाल्यालाही सुटलेला नाही. नदीत धबधबा आला, की होडी आणि सामान डोक्या-पाठीवर घेऊन काठानं चालत खाली जावं लागतं. याला तिकडे पोर्टेज म्हणतात. सगळं सामान दोन खेपांत गेलं तर एक किलोमीटरच्या पोर्टेजला तीन किलोमीटर चालणं होतं. तीन खेपा लागल्या तर पाच. निघताना घरी ‘असू दे, होडीतच तर ठेवायचंय’ म्हणून घेतलेली घडीची खुर्ची म्हणजे ती तिसरी खेप.

१८९८च्या २९ मे रोजी बेनेट सरोवराचा बर्फ फुटला आणि सात हजारांहून अधिक होड्या निघाल्या. काही नावाला होड्या होत्या, खरं तर खोकी. आजच्या व्हाइटहॉर्सच्या वरच्या अंगाला माइल्स कॅन्यन नावाची अरुंद घळ आणि तिच्याखाली खळाळते टप्पे होते. पहिल्या काही दिवसांतच तिथं शंभराहून अधिक होड्या फुटल्या, माणसं बुडाली. मग पोलीस अधिकारी सॅम स्टील तिथं येऊन उभा राहिला. बायकामुलांनी घळीतून होडीनं जायचं नाही, काठानं चालत जायचं. होडी जाणत्या नावाड्यानंच खाली न्यायची. मोडलं तर १०० डॉलर दंड. शिवाय प्रत्येक होडीवर क्रमांक रंगवायचा आणि तिच्यातल्या माणसांची नावं वहीत लिहायची. पुढच्या चौकीवर तो क्रमांक दिसला नाही, तर पोलीस शोधायला निघत. ही वही लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

संकट आलं, की त्याच्या शेजारी धंदाही येतो. नॉर्मन मॅकॉले नावाच्या माणसानं घळीला वळसा घालून लाकडी रुळांचा रस्ता टाकला. घोडे ओढत असलेल्या गाड्यांवर सामान खाली पोचवायचं, पौंडाला ३ सेंट. आजचा ट्रेलरवाला त्याचाच वंशज म्हणायचा. आता ती घळ शांत आहे. १९५८मध्ये खाली वीजनिर्मितीसाठी धरण बांधलं गेलं आणि जुने खळाळ पाण्याखाली गेले. आजचा प्रवास धरणाच्या खालून, गावातल्या एका बागेपासून सुरू होतो.

डॉसनला पोचलेल्यांपैकी बहुतेकांना सोनं मिळालं नाही. चांगल्या जागा आधीच वाटल्या गेल्या होत्या. आणि होड्या? उलट नेणं शक्यच नव्हतं. त्या मोडून फळ्या विकल्या गेल्या. डॉसनची घरं बांधायला लाकूड हवंच होतं. एकमार्गी प्रवासाचा याहून सरळ निकाल मी दुसरीकडे कुठं वाचलेला नाही.

पुढं वाफेच्या बोटी आल्या. मागं मोठं चाक, सपाट तळ, धुराडं. त्यांतली एस. एस. क्लोंडाइक आज व्हाइटहॉर्सला नदीकाठी कोरड्या जमिनीवर जपून ठेवली आहे. कनू पाण्यात घालण्याआधी तिच्यावर एक चक्कर मारावी. व्हाइटहॉर्सहून डॉसनला ती सुमारे ३६ तासांत उतरे. परत यायला चार-पाच दिवस, तेही वाटेत पुन्हा पुन्हा थांबून भट्टीसाठी लाकूड भरत. धारेच्या जोराचा अंदाज यायला एवढे दोन आकडे पुरेत. रस्ता झाल्यावर १९५५ला ती थांबली. तिच्यासाठी लाकूड तोडणाऱ्यांच्या झोपड्यांचे सांगाडे काठावर अजून दिसतात, आणि हूटालिंक्वाजवळच्या बेटावर तर एक अख्खी जुनी बोट झाडांत उभी आहे.

आता आजच्या आखणीकडे. रस्ता नदीला कुठं कुठं भेटतो ते आधी नकाशावर ठिपक्यांनी दाखवायचं. युकॉनवर व्हाइटहॉर्सनंतर सुमारे ३०० किलोमीटरवर कारमॅक्स गावी पूल आहे. त्याच्या खाली मिंटोला रस्ता काठापर्यंत येतो. मग थेट डॉसन. म्हणजे आठवडाभराचीच रजा असेल तर कारमॅक्सला बाहेर पडायचं. कोणी आजारी पडलं तर कारमॅक्स किंवा मिंटो. मिंटोच्या खाली गेलं, की पाय मागं घेता येत नाही. पेली नदीच्या संगमाजवळचं फोर्ट सेल्कर्क हे जुनं ठाणं याच टप्प्यात आहे. घरं, शाळा, चर्च सगळं उभं, आणि जायला फक्त नदी.

सुरुवातीची जागाही बदलता येते. व्हाइटहॉर्सहून निघालं, की दुसऱ्या दिवशी लबार्ज सरोवर लागतं. पन्नास किलोमीटर लांब, धार शून्य आणि दुपारी वारा उठला, की समुद्रासारख्या लाटा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नदी मोकळी झाली तरी सरोवरावर बर्फ असतो. तिथं पहाटे निघायचं, काठ धरून जायचं आणि वाऱ्यात अडकून पडण्यासाठी एक दिवस राखून ठेवायचा. ज्यांना हे नको ते टेस्लिन नदीवरच्या जॉन्सन्स क्रॉसिंगच्या पुलापासून सुरुवात करतात. ही नदी सरोवराच्या खाली युकॉनला मिळते. फक्त पुलापर्यंत कोणीतरी गाडीनं सोडायला हवं. एक सोय मिळवायची तर दुसरीकडे पैसे मोजायचे.

तारखांच्या हिशेबात बहुतेक लोक वल्हवण्याचे दिवस धरतात आणि थांबण्याचे विसरतात. ७१५ किलोमीटर, रोज पन्नास, म्हणजे साधारण सव्वाचौदा दिवस, हे शाळेतलं गणित झालं. त्यात वाऱ्याचा एक, पावसाचा एक आणि ‘आज नको’चा एक असे दिवस धरा. शिधा त्याहून दोन दिवस जास्त घ्या. वल्हवणाऱ्या माणसाला रोज पाऊण ते एक किलो कोरडा शिधा लागतो. दोन माणसं, वीस दिवस, तीस ते चाळीस किलो. तो ६० लिटरच्या निळ्या, कडीबंद प्लास्टिक पिंपात भरतात. पिंप पाण्यात तरंगतं, वास कोंडून ठेवतं आणि रात्री तंबूपासून लांब नेऊन ठेवता येतं, कारण या काठांवर अस्वलं आहेत. माझ्या पिंपात थालीपिठाची भाजणी, मेतकूट, जाड पोहे, मूगडाळ आणि गूळ-शेंगदाणे असतात. ‘फ्रीझ-ड्राइड’ पुड्यांपेक्षा स्वस्त, चव बरी. मात्र बाहेरून कॅनडात जात असाल तर खाण्याचा प्रत्येक पदार्थ कस्टमच्या अर्जात लिहा. शंका असेल तर व्हाइटहॉर्सच्या दुकानांत डाळ-तांदूळ मिळतातच.

विमानानं येणाऱ्यांनी दोन गोष्टी घरून आणायच्याच नाहीत: अस्वलाला पिटाळायचा मिरची-फवारा आणि शेगडीचा गॅस. दोन्ही ना हातातल्या बॅगेत चालतात, ना सामानात. त्या पोचल्यावर घ्यायच्या. म्हणून विमान उतरण्याचा आणि होडी पाण्यात घालण्याचा दिवस एकच ठेवू नये. रॉकेलची जुनी शेगडी धुतली नसेल तर वासावरूनही काढून घेतात. माझी घेतली होती. चूक माझीच.

होडीत कायद्यानं लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत: माणशी एक लाइफ जॅकेट, १५ मीटरचा तरंगता दोर, पाणी उपसायला भांडं, शिट्टी. पिण्याच्या पाण्याची सोय मात्र नकाशावर बघून ठेवावी लागते. डॉसनच्या आधी व्हाइट नदी डावीकडून येऊन मिळते, हिमनदीतला गाळ आणि जुन्या ज्वालामुखीची राख घेऊन. तिच्याखाली युकॉनचं पाणी पातळ सिमेंटसारखं होतं. वल्हवणं थांबवून होडीच्या तळाला कान लावला, तर तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा बारीक चर्र आवाज सतत ऐकू येतो. तो गाळाचे कण तळाला घासण्याचा असतो. तिथून पुढं पाणी भरायचं ते काठाच्या छोट्या ओढ्यांतून.

जिथं रस्ताच नाही तिथं टेम्पोची जागा विमान घेतं. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधली साउथ नाहानी नदी १९७८ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्या यादीत आली. तिच्यावरचा व्हर्जिनिया फॉल्स नायगाराच्या जवळपास दुप्पट उंच आहे. तिथं जायला फोर्ट सिम्पसनहून फ्लोटप्लेन, म्हणजे चाकांच्या जागी पोकळ तराफे लावलेलं, पाण्यावर उतरणारं विमान. त्याआधी राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आणि तारखेचं आरक्षण. इथं सगळा कारभार वजनकाट्याचा. सामान तोलतात, पिंपं तोलतात, मग माणसांनाही काट्यावर उभं करतात आणि तुम्ही कितीही पोट आत घेतलं तरी काटा खरं तेच सांगतो. लहान विमानाला कनू बाहेर, तराफ्याच्या खांबांना बांधावी लागते आणि ते वैमानिकाच्या मर्जीवर. मोठ्या ट्विन ऑटर विमानात होडीच्या आतल्या आडव्या पट्ट्या आणि बैठका काढून कनू एकात एक बसवतात, स्टीलच्या वाट्या ठेवाव्यात तशा. पट्ट्यांचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवायचे आणि डबी कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत हवं.

विमानाचं भाडं जाण्या-येण्याचं, कारण तुम्हाला सोडून ते रिकामं परततं. म्हणून नाहानीवर बहुतेक लोक एकदाच उडतात. वर विमानानं जायचं आणि खाली लिअर्ड नदीत शिरून ब्लॅकस्टोनला रस्त्यावर बाहेर पडायचं, तिथं गाडी आधीच लावलेली. शेवट रस्त्याला भिडवला, की एका उड्डाणाचे पैसे वाचतात. धुकं किंवा वणव्याचा धूर असला तर विमान निघत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये वणव्यांपायी यलोनाइफ हे राजधानीचं शहरच रिकामं करावं लागलं होतं. अशा वर्षी ‘सोमवारी सकाळी दहाला उड्डाण’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो रेल्वेचा शेवट. ओंटारिओतली मिसिनाइबी नदी उत्तरेकडे वाहत मूस नदीला मिळते आणि ती जेम्स उपसागराला. टोकाला मूसोनी गाव, जिथवर रस्ता जात नाही. जाते ती पोलर बेअर एक्स्प्रेस, कॉक्रेनपासून सुमारे ३०० किलोमीटर. ती होड्या नेते. भरतीच्या पाण्यात शिरायचं नसेल, तर मूस रिव्हर क्रॉसिंगला रेल्वेपुलापाशीच बाहेर पडता येतं. शहाणे लोक आपली गाडी कॉक्रेनच्या स्टेशनवर लावतात आणि कोणालातरी पैसे देऊन मॅटिसला, नदीच्या पुलापाशी, पोचवून घेतात. पंधरा दिवसांनी आगगाडीतून उतरलं, की समोर आपली गाडी. गाडीची वाट बघण्याची पाळी दमलेल्या माणसावर येत नाही. ती आली तर निघतानाच्या ताज्यातवान्या माणसावर येते.

आता ती पोलिसांची वही. युकॉनच्या या टप्प्याला परवाना लागत नाही, त्यामुळे कोण गेलं, कोण परतलं याची नोंद आपोआप होत नाही. मोबाइल गावांपुरताच चालतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्यानं मिळतं, ते घ्यावंच. पण पाण्यात पडलं, चार्जिंग संपलं, की तेही मुकं. म्हणून एका कागदावर लिहा: माणसं किती, होडीचा रंग कोणता, तंबूचा कोणता, कुठून कुठं, मधे बाहेर पडता येण्याच्या जागा, कोणाला कोणतं औषध चालू आहे आणि अमुक तारखेच्या संध्याकाळपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला कळवायचं. हा कागद घरी आईकडे देऊ नका, ती पहिल्याच दिवशी फोन लावेल. शांत डोक्याच्या मित्राकडे द्या आणि तारखेत दोन दिवस सैल ठेवा.

डॉसन जवळ आलं, की आदल्या मुक्कामापासूनच उजवा काठ धरायचा. गावाच्या तोंडाशी उजवीकडून क्लोंडाइक नदी येते. राखाडी पाण्यात तिच्या स्वच्छ पाण्याचा पट्टा दिसला, की उतरण्याची जागा अगदी पुढ्यात असते आणि धार जोरात. गप्पांच्या नादात गाव मागं गेलं तर पुढचं वस्तीचं गाव ईगल, सुमारे १६० किलोमीटर खाली आणि अमेरिकेच्या हद्दीत.

उतरल्यावर होडी वर ओढा, उलटी करा, वल्ही तिच्याखाली सारा. मग अंघोळ, मग बिअर, असं बहुतेकांचं ठरलेलं असतं. त्या दोन्हींच्या आधी मित्राला फोन करा. निरोप न देता आरामात झोपलेल्या माणसाला शोधायला हेलिकॉप्टर उडाल्याचे प्रकार घडतात, आणि त्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्यांना त्याच दिवशी दुसरीकडे खरोखर बुडणारं कोणी शोधायचं असू शकतं.